तिपेडी रचनेपासून नकाशापर्यंत : कोलॅजेनविषयीचा वाद आणि रामचंद्रन आलेखाचा उगम

प्रास्ताविक

जीवरसायनशास्त्राचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडले की प्रथिनांच्या प्रकरणात एक चौकोनी आकृती हमखास आढळते. आडव्या अक्षावर फाय हा कोन, उभ्या अक्षावर साय हा कोन, दोहोंच्या किमती उणे १८० अंशांपासून अधिक १८० अंशांपर्यंत, आणि त्या विस्तीर्ण रिकाम्या चौकोनात दोन-तीन बेटे. आकृतीखाली ‘रामचंद्रन आलेख’ असे नाव असते. वर्गात आपण ती फळ्यावर काढतो, बेटांची नावे सांगतो, विद्यार्थी ती उतरवून घेतात आणि परीक्षेत त्यावर पाच गुणांचा प्रश्न येतो. ही आकृती मुळात कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जन्माला आली, याविषयी मात्र पाठ्यपुस्तके बहुधा मौन पाळतात.

तो प्रश्न होता कोलॅजेनचा, आणि तो विचारला गेला होता आक्षेपाच्या स्वरूपात. १९५४ व १९५५ या दोन वर्षांत मद्रास विद्यापीठातील गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी कोलॅजेनची रचना मांडली. लगेच केंब्रिजहून तिच्यावर टीका झाली. या प्रसंगाच्या दोन कथा आज प्रचलित आहेत. पाश्चात्त्य ग्रंथांतून कोलॅजेनची रचना रिच आणि क्रिक यांनी उलगडली असे सहजपणे लिहिले जाते व मद्रासचा उल्लेख एखाद्या तळटीपेत येतो. आपल्याकडील गौरवपर लेखनात याच्या नेमकी उलट कथा असते. भारतीय शास्त्रज्ञाने शोध लावला आणि परकीयांनी तो हिरावून घेतला, असे तिचे सूत्र आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते या दोन्ही कथा अपुऱ्या आहेत, कारण आक्षेप नेमका कशावर होता आणि त्याला मद्रासने काय उत्तर दिले, याकडे दोहोंचेही दुर्लक्ष होते. ते उत्तर म्हणजेच पाठ्यपुस्तकातील ती चौकोनी आकृती होय. सदर लेखात त्या आठ-नऊ वर्षांचा मागोवा घेतला आहे.

साखळी आणि तिचे सपाट दुवे

‘प्रोटीन’ हा शब्द १८३८ मध्ये डच रसायनशास्त्रज्ञ मुल्डर याने बर्झेलियसच्या सूचनेवरून छापील वापरात आणला. पण प्रथिन म्हणजे रासायनिकदृष्ट्या काय, हे स्पष्ट व्हायला त्यानंतर सहा दशके लागली. २२ सप्टेंबर १९०२ रोजी कार्ल्सबाड येथे भरलेल्या जर्मन निसर्गशास्त्रज्ञ व वैद्य यांच्या संमेलनात फ्रान्झ होफमाइस्टर आणि एमिल फिशर या दोघांनी एकाच दिवशी, स्वतंत्रपणे, एकच सिद्धांत मांडला. एका अमिनो आम्लाचा कार्बोक्सिल गट आणि दुसऱ्याचा अमिनो गट यांच्यातून पाण्याचा एक रेणू निघून जातो, जो बंध उरतो त्याने अमिनो आम्ले एकमेकांस जोडली जातात आणि अशा जोडणीतून प्रथिनाची लांब साखळी तयार होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ‘पेप्टाइड’ हे नाव फिशरचे. १९०७ पर्यंत त्याने प्रयोगशाळेत अठरा घटकांची साखळी बांधून दाखवली होती. तरीही प्रथिने हे निश्चित रचनेचे रेणू आहेत की लहान रेणूंचे विस्कळीत पुंजके, हा वाद पुढे बराच काळ चालला. फ्रेडरिक सँगर याने १९५० च्या दशकात इन्शुलिनच्या ५१ घटकांचा क्रम एकामागून एक वाचून दाखवला, तेव्हा तो संपला.

परंतु क्रम कळला म्हणजे आकार कळला असे होत नाही. सुताचा धागा किती लांब आहे हे ठाऊक असले, तरी त्याची गुंडी आहे की वेणी, हे त्यावरून ठरत नाही. या दुसऱ्या प्रश्नाला हात घातला तो इंग्लंडमधील लीड्स येथील विल्यम ॲस्टबरी याने, आणि तोही लोकरीच्या निमित्ताने. लोकरीचा केस ताणण्यापूर्वी आणि ताणल्यानंतर क्ष-किरणांचे वेगवेगळे ठसे देतो, हे त्याने १९३० च्या दशकात दाखवले. न ताणलेल्या रूपास त्याने आल्फा आणि ताणलेल्या रूपास बीटा म्हटले. ही अक्षरे आजही आपण वापरतो, मात्र ॲस्टबरीने त्यांना दिलेल्या रचना टिकल्या नाहीत.

त्या का टिकल्या नाहीत, हे समजण्यासाठी पेप्टाइड बंधाचा एक गुणधर्म पाहिला पाहिजे. कार्बन आणि नायट्रोजन यांच्यातील साधा एकेरी बंध सुमारे १.४७ अँगस्ट्रॉम लांबीचा असतो. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. पेप्टाइड बंधात मात्र हेच अंतर १.३२ च्या आसपास भरते. याचा अर्थ हा बंध अंशतः दुहेरी आहे, आणि दुहेरी बंधाभोवती अणूंना मोकळेपणाने फिरता येत नाही. परिणामी या बंधाच्या दोन्ही बाजूंचे सहा अणू एका प्रतलात राहतात. प्रथिनाची साखळी ही मण्यांच्या माळेसारखी सर्वत्र लवचिक नसते. पत्त्यांची पाने कोपऱ्याला कोपरा लावून ओवावीत, तशी ती असते. प्रत्येक पान ताठ, आणि वळण घ्यायचे ते केवळ कोपऱ्याशी. तो कोपरा म्हणजे आल्फा कार्बन. त्याच्या एका बाजूच्या बंधाभोवतीचे वळण म्हणजे फाय आणि दुसऱ्या बाजूचे म्हणजे साय.

१९५० मध्ये ब्रॅग, केंड्रू आणि पेरुट्झ या केंब्रिजच्या त्रयीने प्रथिनाच्या साखळीच्या संभाव्य रचनांची मोठी यादी प्रसिद्ध केली. तिच्यात खरी रचना नव्हती, कारण पेप्टाइड गट सपाट असलाच पाहिजे ही अट त्यांनी घातली नव्हती. लायनस पॉलिंग याने ती घातली. १९५१ मध्ये पॉलिंग, कोरी आणि ब्रॅन्सन यांनी आल्फा मळसूत्र जाहीर केले. प्रत्येक वेढ्यात ३.६ घटक आणि वेढ्याची उंची ५.४ अँगस्ट्रॉम, अशी ही रचना होती. वेढ्यात घटकांची संख्या पूर्णांक असलीच पाहिजे हा स्फटिकशास्त्रज्ञांचा जुना संस्कार तिने मोडला. त्याच वर्षी पॉलिंग आणि कोरी यांनी कोलॅजेनचीही एक रचना मांडली. तिच्यात साखळ्या तीन होत्या, परंतु पेप्टाइड गटांची मांडणी चुकीची होती आणि क्ष-किरणांच्या ठशांशी ती जुळेना. म्हणजे १९५२ मध्ये कोलॅजेनचे कोडे उघडेच होते, आणि पॉलिंगसारख्याला ते चकवून गेले होते.

मद्रास, १९५२

कोलॅजेन हे प्राण्यांच्या शरीरातील सर्वांत विपुल प्रथिनांपैकी एक. कातडी, कंडरा, हाडे, कूर्चा या सर्वांची ताकद त्यावर अवलंबून असते. कातडी दीर्घकाळ उकळली की त्यातून सरस मिळतो. ग्रीक भाषेत ‘कोला’ म्हणजे सरसच, आणि कोलॅजेन म्हणजे सरस देणारे द्रव्य. उष्णतेने जे विस्कटते आणि सरस होते, ते मुळात कसे विणलेले असते, हा खरा प्रश्न होता.

रामचंद्रन यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९२२ रोजी एर्नाकुलम येथे झाला. तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ महाविद्यालयातून पदवी घेऊन ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्युत अभियांत्रिकीसाठी दाखल झाले आणि तेथून सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या भौतिकशास्त्र विभागात आले. १९४७ ते १९४९ ही वर्षे त्यांनी केंब्रिजमध्ये वूस्टर यांच्याकडे स्फटिकशास्त्राच्या अभ्यासात घालवली. १९५२ मध्ये कुलगुरू डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांनी रामन यांच्या शिफारशीवरून त्यांना मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक व विभागप्रमुख म्हणून बोलावले. त्या वेळी त्यांचे वय जेमतेम तीस होते. त्याच वर्षी प्रसिद्ध स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले होते. कोलॅजेनची रचना अद्याप कोणास समाधानकारकपणे उलगडलेली नाही, असे त्यांनी बोलण्याच्या ओघात सांगितले आणि रामचंद्रन यांनी तो विषय उचलला.

याला एक अनुकूल योगायोगही होता. चामडे म्हणजे मूलतः कमावलेले कोलॅजेन, आणि १९४८ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय चर्म संशोधन संस्था मद्रासमध्ये विद्यापीठाच्या शेजारीच होती. क्ष-किरणांचा स्वच्छ ठसा मिळण्यासाठी ज्या नमुन्यात तंतू एका दिशेने नीट रांगेत असतील असा नमुना हवा होता. तो कांगारूच्या शेपटीतील कंडरेच्या रूपाने या संस्थेकडून मिळाला. नव्याने उभ्या राहत असलेल्या विभागात, बेताच्या साधनांनिशी, हे काम सुरू झाले. कर्था हे त्यांचे सहकारी. पुढे ते अमेरिकेत गेले आणि १९६७ मध्ये रायबोन्यूक्लिएज या विकराची त्रिमिती रचना प्रसिद्ध करणाऱ्या तिघांमध्ये त्यांचे नाव पहिले होते. आपल्याकडील लेखनात त्यांच्या वाट्याला फारच थोड्या ओळी येतात, हे येथे नोंदवणे आवश्यक वाटते.

दोन प्रारूपे

मद्रासच्या तर्काचा आरंभबिंदू क्ष-किरणांचा नव्हता, तो रासायनिक पृथक्करणाचा होता. कोलॅजेनमधील अमिनो आम्लांपैकी जवळजवळ नेमकी एक-तृतीयांश ग्लायसीन असतात. ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल, कारण त्याची बाजूची शाखा म्हणजे हायड्रोजनचा केवळ एक अणू. याशिवाय प्रोलीन आणि हायड्रॉक्सिप्रोलीन या वलययुक्त, ताठर घटकांचे प्रमाण असाधारण मोठे आहे. कोणत्याही प्रथिनात एकच घटक इतक्या काटेकोर प्रमाणात असेल, तर त्यामागे भूमितीचे कारण असले पाहिजे, असा विचार त्यांनी केला.

७ ऑगस्ट १९५४ च्या ‘नेचर’ या साप्ताहिकात पहिले प्रारूप प्रसिद्ध झाले. तीन साखळ्या एकमेकींना समांतर, प्रत्येक साखळी स्वतःभोवती मळसूत्राप्रमाणे वळलेली, वेढ्यात नेमके तीन घटक, आणि साखळ्यांना परस्परांशी बांधणारे हायड्रोजन बंध, असे त्याचे स्वरूप होते. वेढ्यात तीन घटक असल्यामुळे प्रत्येक तिसरा घटक तिन्ही साखळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेकडे तोंड करून येतो. त्या जागेत हायड्रोजनहून मोठी शाखा मावतच नाही, म्हणून तेथे ग्लायसीनच हवे. एक-तृतीयांशाचे कोडे अशा रीतीने एका वाक्यात सुटले. प्रस्तुत लेखकास हा संपूर्ण प्रकरणातील सर्वांत सुंदर तर्क वाटतो, आणि तो आजतागायत अबाधित आहे.

मात्र ठशांच्या बारकाईच्या अभ्यासातून असे दिसले की वेढ्यात नेमके तीन घटक बसत नाहीत. तीन वेढ्यांत मिळून दहा घटक येतात, म्हणजे वेढ्यात तीन पूर्णांक एक-तृतीयांश. हा फरक किरकोळ वाटतो, परंतु त्याने पहिल्या प्रारूपाचा पायाच हलतो. दर घटकामागे १२० अंशांचे वळण असते तर तीन घटकांत पूर्ण ३६० अंश झाले असते व ग्लायसीन पुन्हा आतल्या बाजूस आले असते. प्रत्यक्षात वळण १०८ अंशांचे आहे. तीन घटकांत ३२४ अंश होतात, ३६ अंशांची तूट पडते, आणि पुढचे ग्लायसीन केंद्रापासून तेवढे सरकते. पाच-सहा फेऱ्यांत ते चक्क बाहेरच्या बाजूस येईल.

ही तूट भरून काढण्याचा एकच मार्ग होता. साखळी स्वतःभोवती डावीकडे वळत असताना तिन्ही साखळ्यांनी मिळून एका सामाईक अक्षाभोवती उजवीकडे संथ पीळ घ्यायचा. म्हणजे ग्लायसीन सदैव आतच राहते. दोर वळणाऱ्याला हे तत्त्व सांगावे लागत नाही. सुटे पेड एका दिशेने पिळायचे आणि ते एकत्र विरुद्ध दिशेने, म्हणजे दोर उसवत नाही आणि ताण सोसतो. दर घटकामागे अक्षावरची वाढ २.८६ अँगस्ट्रॉम आणि तुटीची भरपाई होण्यास लागणारे घटक तीस, म्हणून या मोठ्या पिळाचा एक पूर्ण फेरा सुमारे ८६ अँगस्ट्रॉमचा होतो. २४ सप्टेंबर १९५५ च्या ‘नेचर’मध्ये रामचंद्रन व कर्था यांनी ही पिळाची तिपेडी रचना मांडली.

केंब्रिजचा आक्षेप

त्याच सुमारास केंब्रिजमध्ये अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक हे कृत्रिम पॉलिग्लायसीनच्या एका रूपाचा अभ्यास करीत होते. त्या रचनेतील तीन साखळ्या उचलून थोडा पीळ दिला तर कोलॅजेन मिळते, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांचा निबंध नोव्हेंबर १९५५ मध्ये ‘नेचर’मध्येच आला. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील कोवान, मॅकगॅव्हिन आणि नॉर्थ यांनीही पुढच्याच महिन्यात त्याच दिशेचे प्रतिपादन केले. रिच आणि क्रिक यांनी मद्रासच्या निबंधाचा उल्लेख केला आहे, ही गोष्ट हिरावून घेतल्याच्या कथेत नेहमी गाळली जाते. तीन साखळ्यांनी एकत्र पीळ घेण्याची कल्पना त्यांनी मुळात बरोबर मानली. परंतु त्या कल्पनेनुसार मद्रासने प्रत्यक्ष मांडलेली रचना त्यांना अमान्य होती.

मतभेद होता तो हायड्रोजन बंधांच्या संख्येचा. रामचंद्रन व कर्था यांच्या प्रारूपात दर तीन घटकांमागे साखळ्यांमध्ये दोन हायड्रोजन बंध होते. रिच आणि क्रिक यांच्या रचनेत एकच होता. दोन बंध साधायचे तर साखळ्या इतक्या जवळ आणाव्या लागतात की काही अणूंमधील अंतर त्या काळी मान्य असलेल्या किमान मर्यादेच्या खाली जाते. दोन अणू एकमेकांत शिरू शकत नाहीत, हे तर रसायनशास्त्राचे प्राथमिक तत्त्व. तेव्हा, असा आक्षेप होता की, ही रचना कागदावर कितीही देखणी असली तरी निसर्गात असणे शक्य नाही.

या घटनेचे परिणाम विषम झाले. १९५३ मधील डीएनएच्या रचनेमुळे क्रिक यांच्या शब्दाला मोठे वजन आले होते. ‘नेचर’च्या वाचकांच्या लेखी मद्रासची रचना ही एक दुरुस्त केलेली चूक ठरली, आणि पुढील लेखनात कल्पना व तपशील यांतील फरक पुसट होत गेला. कल्पनेचे श्रेय मद्रासचे, आणि एका बंधाच्या तपशिलाचे केंब्रिजचे, अशी वाटणी करणे मुळीच अवघड नव्हते. ती अनेकांनी केली नाही. पण म्हणून आक्षेप खोटा ठरत नाही. आपल्याकडील गौरवलेखनाने या आक्षेपाला केवळ वसाहती अहंकाराचे रूप देऊन त्यातील शास्त्रीय आशय झाकून टाकला आहे, असे खेदाने म्हणावे लागते. रामचंद्रन यांनी स्वतः तसे केले नाही.

आक्षेपाचे उत्तर

रामचंद्रन यांनी प्रतिप्रश्न केला. दोन अणू किती जवळ येऊ शकतात, ही मर्यादा ठरवली कोणी आणि कशावरून? त्या काळी वापरात असलेली अंतरे ही प्रत्येक अणूला एक ठरावीक त्रिज्या बहाल करून काढलेली होती. प्रत्यक्ष स्फटिकांत ती कितपत पाळली जातात, हे पद्धतशीरपणे कोणी पाहिले नव्हते. मद्रासच्या गटाने तोवर प्रसिद्ध झालेल्या अमिनो आम्लांच्या, लहान पेप्टाइडांच्या व तत्सम संयुगांच्या स्फटिकरचना गोळा केल्या आणि त्यांतील अबद्ध अणूंमधील अंतरे एकेक करून तपासली. निष्कर्ष असा निघाला की निसर्ग त्या मर्यादा पुष्कळदा ओलांडतो. म्हणून त्यांनी प्रत्येक अणुजोडीसाठी दोन मर्यादा ठरवल्या. एक सामान्य, तिच्याहून जवळ अणू सहसा येत नाहीत. दुसरी आत्यंतिक, तिच्या आत ते क्वचितच आढळतात. दोन कार्बन अणूंसाठी या मर्यादा ३.२ आणि ३.० अँगस्ट्रॉम, तर दोन हायड्रोजन अणूंसाठी २.० आणि १.९ अशा होत्या.

येथवर हे कोलॅजेनच्या बचावासाठी केलेले काम होते. पण एकदा अशी मोजपट्टी हाती आल्यावर प्रश्न आपोआप विस्तारला. केवळ कोलॅजेनच कशाला? कोणत्याही पेप्टाइड साखळीत, एका आल्फा कार्बनपाशी भेटणाऱ्या दोन सपाट पानांना फाय आणि साय यांच्या किती जोड्या शक्य आहेत? विश्वनाथन शशिशेखरन आणि सी. रामकृष्णन यांनी रामचंद्रन यांच्यासमवेत हे गणित तडीस नेले. दोन्ही कोन टप्प्याटप्प्याने बदलायचे, प्रत्येक स्थितीत सर्व अणुजोड्यांतील अंतरे काढायची, आणि एकही जोडी मर्यादा मोडत असेल तर ती स्थिती बाद करायची. आज संगणक हे काम क्षणात करतो. त्या काळी ते टेबलावरील गणकयंत्रांवर, आकड्यामागून आकडा असे करावे लागले.

१९६३ मध्ये ‘जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी’ या नियतकालिकाच्या सातव्या खंडात रामचंद्रन, रामकृष्णन व शशिशेखरन यांचा अवघ्या पाच पानांचा निबंध आला आणि त्यात तो नकाशा होता. ग्लायसीन वगळता इतर घटकांसाठी चौकोनाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग वर्ज्य ठरला होता. उरलेल्या बेटांवर आल्फा मळसूत्र, बीटा पट्ट आणि कोलॅजेनची साखळी या तिन्ही ज्ञात रचना आपापल्या जागी होत्या. ग्लायसीनला शाखाच नसल्याने त्याला मोकळीक कितीतरी अधिक मिळते व त्याचा नकाशा मध्यबिंदूभोवती सममित दिसतो. प्रोलीनचे उलट आहे. त्याच्या वलयामुळे फाय जवळजवळ जखडला जातो.

या निबंधाचे सामर्थ्य त्याच्या दारिद्र्यात आहे, असे म्हटले तर वावगे होऊ नये. त्यात ऊर्जेचे सूत्र नाही, पुंजयामिकी नाही. अणू म्हणजे कठीण गोळे आणि पेप्टाइड गट म्हणजे ताठ पाने, एवढ्याच गृहीतांवर तो उभा आहे. त्या वेळी पूर्ण तपशिलासह ज्ञात असलेले प्रथिन म्हणजे जवळजवळ एकटे मायोग्लोबिन, आणि त्याची दोन अँगस्ट्रॉम विभेदनाची रचना केंड्रू यांच्या गटाने १९६० मध्येच दिली होती. पुढे हजारो रचना उजेडात आल्या, परंतु बेटांच्या किनाऱ्यांत किरकोळ फेरफार करण्यापलीकडे मूळ नकाशा बदलावा लागला नाही.

नकाशाचा दुसरा जन्म

नकाशाला पुढे जी कीर्ती लाभली ती एका वेगळ्याच कामामुळे. क्ष-किरणांच्या माहितीवरून प्रथिनाची रचना बसवताना अणूंची जागा काही प्रमाणात संशोधकाच्या अर्थनिर्णयावर अवलंबून असते, आणि साखळी चुकीच्या मार्गाने नेली जाण्याचा धोका असतो. १९९० मध्ये ब्रँडेन आणि जोन्स यांनी ‘नेचर’मध्ये अशा प्रसिद्ध झालेल्या चुकांकडे जाहीरपणे लक्ष वेधले. बंधांची लांबी आणि कोन यांवरून चूक कळत नाही, कारण रचना शुद्ध करतानाच त्या किमती ठरावीक मापांत बसवलेल्या असतात. फाय आणि साय यांवर मात्र सहसा असे बंधन घातलेले नसते. म्हणूनच ते साक्षीदार म्हणून विश्वासार्ह ठरतात. वर्ज्य प्रदेशात ठिपके पडू लागले की रचनेत काहीतरी बिघडले आहे असे समजावे. १९७१ मध्ये सुरू झालेल्या प्रोटीन डेटा बँकेत आज दाखल होणारी प्रत्येक प्रथिनरचना या कसोटीतून जाते. प्रथिनांच्या आकाराचे संगणकाद्वारे भाकीत करण्याच्या ज्या कार्याला २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यातून निघणाऱ्या रचनाही अभ्यासक याच नकाशावर ताडून पाहतात.

स्वतः रामचंद्रन तोवर अन्यत्र वळले होते. १९७० च्या सुमारास ते मद्रास सोडून बंगळूरला गेले आणि भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी रेण्वीय जीवभौतिकीचा विभाग उभा केला. १९७१ मध्ये ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासह त्यांनी क्ष-किरणांच्या छायांवरून वस्तूचा आडवा छेद पुन्हा उभा करण्याची गणिती पद्धत दिली. तिचा संबंध आजच्या सीटी स्कॅनशी आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय होईल. १९७७ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाचे एवाल्ड पारितोषिक त्यांना १९९९ मध्ये मिळाले. ७ एप्रिल २००१ रोजी चेन्नई येथे त्यांचे निधन झाले.

दुसऱ्या बंधाचे काय झाले?

मूळ वाद मात्र अनिर्णित राहिला होता. नव्या अंतरमर्यादा घेऊनही दर तीन घटकांमागे दोन थेट हायड्रोजन बंध बसवणे कठीणच होते. या मुद्द्यावर रामचंद्रन यांनी आवश्यकतेपेक्षा अधिक काळ आग्रह धरला, असे त्यांच्याविषयीचा आदर राखूनही म्हणता येते. १९६८ मध्ये मात्र त्यांनी आणि आर. चंद्रशेखरन यांनी एक वेगळा तोडगा सुचवला. दुसरा बंध थेट नसून मध्ये पाण्याचा एक रेणू दुव्यासारखा बसलेला असावा, आणि त्याच्या द्वारे दोन साखळ्या जोडल्या जात असाव्यात, असा तो होता. तंतूंच्या अस्पष्ट ठशांवरून हे सिद्ध करणे वा खोडणे शक्य नव्हते. त्यासाठी कोलॅजेनचा स्फटिक हवा होता, आणि कोलॅजेन स्फटिकरूप घेत नाही.

तो मार्ग १९९४ मध्ये निघाला. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात बेला, ईटन, ब्रॉडस्की आणि बर्मन यांनी कोलॅजेनच्या घडणीचे तीस घटकांचे एक कृत्रिम पेप्टाइड बनवले. त्यात प्रोलीन, हायड्रॉक्सिप्रोलीन आणि ग्लायसीन हे त्रिकूट पुनःपुन्हा येत होते. त्याचा स्फटिक करून त्यांनी १.९ अँगस्ट्रॉम विभेदनावर त्याची रचना प्रसिद्ध केली. तीन साखळ्या, प्रत्येक डावीकडे वळलेली, आणि तिघींचा मिळून उजवीकडे पीळ, असे चित्र स्पष्ट दिसले. दर तीन घटकांमागे थेट हायड्रोजन बंध एकच होता. या मुद्द्यावर रिच आणि क्रिक बरोबर ठरले. परंतु त्या तिपेडी रचनेभोवती पाण्याच्या रेणूंचे सुव्यवस्थित जाळे होते आणि साखळ्यांतील उरलेले गट पाण्याच्या दुव्यांनी परस्परांशी जोडलेले होते. दोन वर्षांनी बेला आणि बर्मन यांनी याच स्फटिकात आल्फा कार्बनवरील हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यातील दुर्बळ बंधही दाखवून दिले. असे बंध असावेत, ही कल्पना मद्रासच्या गटाने १९६० च्या दशकातच मांडलेली होती.

या पेप्टाइडात संशोधकांनी हेतुपुरस्सर एक दोष ठेवला होता. साखळीच्या मध्यावर, पंधराव्या स्थानी, ग्लायसीनऐवजी ॲलनीन बसवले होते. ॲलनीनची शाखा म्हणजे कार्बन आणि तीन हायड्रोजन, एवढीच. तरीही तेवढ्या जागेत पीळ सैल झालेला दिसला, साखळ्या एकमेकींपासून किंचित दूर सरल्या आणि तेथील थेट हायड्रोजन बंधांची जागा पाण्याच्या रेणूंनी घेतली. माणसाच्या कोलॅजेनमध्ये एखाद्या ग्लायसीनच्या जागी असा मोठा घटक आला की हाडे ठिसूळ होणारा जन्मजात विकार उद्भवू शकतो. ज्या मधल्या जागेत हायड्रोजनखेरीज काही मावणार नाही असे मद्रासमध्ये १९५४ साली म्हटले गेले होते, ती हीच जागा.